उमरग्याहून पुण्याला निघालेला नमुना

विषाणूजन्य मेंदूज्वराच्या निदानाचा महाराष्ट्रातला इतिहास बहुतांशी पुणे आणि नागपूर या दोन शहरांच्या नावाने लिहिला गेला आहे, आणि प्रयोगशाळा तेथेच असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या रुग्णाच्या रक्तावर आणि पाठीतल्या पाण्यावर हा इतिहास उभा राहतो तो रुग्ण सर्वप्रथम पोहोचतो तो तालुक्याच्या रुग्णालयात, आणि निदानाचे निम्मे यशापयश तेथल्या पहिल्या काही तासांतच ठरून जाते. धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेले उमरगा हे अशा ठिकाणांपैकी एक आहे. एका बाजूला कर्नाटकातील बसवकल्याण आणि आळंद, दुसऱ्या बाजूला लोहारा आणि निलंगा यांच्या मधल्या या गावात मराठीबरोबर कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारे रुग्ण येतात, आणि प्रकृती अधिक बिघडली तर त्यांना सोलापूरला न्यायचे, लातूरला की कलबुर्गीला, याचा निर्णय पुष्कळदा आजारापेक्षा नातेवाईक कोठे आहेत आणि गाडी कोणती मिळते यावर होतो.

पावसाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंतच्या काळात अशा रुग्णालयात जे रुग्ण डॉक्टरांना सर्वांत अधिक अस्वस्थ करतात ते म्हणजे ताप, झटके आणि हरपलेली शुद्ध या तीन गोष्टी एकत्र घेऊन आलेली लहान मुले. अचानक आलेला ताप आणि त्यासोबत बिघडलेले भान किंवा नव्याने सुरू झालेले झटके, एवढ्याच वर्णनाला आरोग्य खात्याच्या भाषेत तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह म्हणतात. हे रोगाचे नाव नव्हे, ज्यामागे अनेक रोग असू शकतात अशा अवस्थेचे ते नाव आहे. त्यामागे जपानी मेंदूज्वराचा, चांदीपुरा, डेंग्यू किंवा हर्पिस या विषाणूंपैकी एखादा असू शकतो. पू निर्माण करणाऱ्या जिवाणूंमुळे किंवा क्षयामुळे झालेला मेंदूच्या आवरणाचा दाह असू शकतो. मेंदूपर्यंत पोहोचलेला हिवताप किंवा गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफसही असू शकतो. नातेवाइकांच्या लेखी या सर्वांचे एकच निदान असते, ते म्हणजे ताप मेंदूत गेला. आणि पहिल्या रात्री ड्यूटीवरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे ज्ञान त्याच्या फार पुढे गेलेले असते असे नाही. मात्र यांपैकी काही रोगांवर नेमके औषध आहे आणि काहींवर नाही, त्यामुळे कोणता रोग आहे हे लवकर ओळखणे म्हणजे मूल वाचण्याची शक्यता वाढवणे होय.

येथे जैवचिन्हकाचा, म्हणजे ज्याला वैद्यकात बायोमार्कर म्हणतात त्याचा, संबंध येतो. शरीरातील द्रवांत मोजता येणारा आणि ज्याच्या असण्यावरून किंवा प्रमाणावरून रोगाविषयी अनुमान काढता येते असा कोणताही पदार्थ म्हणजे जैवचिन्हक. मेंदूच्या संसर्गात त्याचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. विषाणूची जनुके किंवा त्याचे प्रथिन हे प्रत्यक्ष गुन्हेगाराचे चिन्ह. त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, वाढलेल्या पांढऱ्या पेशी किंवा दाहात वाढणारी रसायने हे शरीराच्या प्रतिकाराचे चिन्ह. आणि इजा झालेल्या चेतापेशींमधून बाहेर सांडलेली प्रथिने हे झालेल्या नुकसानीचे चिन्ह. संशोधनपर लेखनात या तिघांची बऱ्याचदा सरमिसळ होते, आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला त्या सरमिसळीचा जाच होतो, कारण त्याला हवे असते ते पहिले, हाती येते ते दुसरे, आणि नियतकालिकांतून कौतुक होत असते ते तिसऱ्याचे.

या कामाची सुरुवात पाठीच्या कण्यातून द्रव काढण्यापासून होते. जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत वैद्यकात आणली आणि आजही मेंदूज्वराच्या निदानाला तिच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. मराठवाड्यात मात्र पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा पडतो ही समजूत इतकी घट्ट आहे की संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही मिळवण्यात सुई घालण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ जातो. ही समजूत निव्वळ अडाणीपणाची मानणे अन्यायाचे होईल. गंभीर मुलांचेच पाणी काढले जाते आणि त्यांतली काही मुले नंतर खरोखरच लुळी राहतात, त्यामुळे गावाने जे पाहिले त्यावरून गावाने निष्कर्ष काढला आहे. वस्तुस्थिती अशी की प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर संपतो, लहान मुलांत तो किंचित खाली उतरलेला असतो, आणि सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधून घातली जाते. प्रौढाच्या शरीरात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो, म्हणजे काढलेले चार-पाच मिलिलिटर पाव तासात भरून निघतात. मेंदूतला दाब फार वाढल्याची लक्षणे असतील तर मात्र सुई घालणे खरोखरच धोक्याचे असते, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी किंवा स्कॅन करून ते ठरवावे लागते.

सुईतून थेंब पडू लागले की पुढचे काम तंत्रज्ञाचे, आणि बाहेरच्या माणसाला ते किरकोळ वाटले तरी सगळी मेख तेथेच असते. द्रव पाण्यासारखा स्वच्छ असेल तर विषाणूचा संशय वाढतो, ताकासारखा गढूळ असेल तर जिवाणूंचा. क्षयात तो काही तास स्थिर ठेवल्यावर त्यात कोळिष्टकासारखी जाळी धरते. निरोगी माणसाच्या द्रवात एका घनमिलिमीटरमागे पाचांपेक्षा अधिक पांढऱ्या पेशी नसतात, प्रथिने दर शंभर मिलिलिटरमागे साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम असतात आणि साखर रक्तातील साखरेच्या दोनतृतीयांशाच्या आसपास असते. जिवाणूंच्या दाहात साखर कोसळते आणि न्यूट्रोफिल पेशी वाढतात, विषाणूंच्या दाहात साखर सहसा टिकते आणि लिम्फोसाइट वाढतात, क्षयात लिम्फोसाइट वाढूनही साखर उतरते. परंतु रक्तातली साखर त्याच वेळी तपासली नसेल तर द्रवातल्या साखरेचा आकडा अर्धवट राहतो. आणि न्यूट्रोफिल पेशी काचेच्या नळीत इतक्या झपाट्याने फुटतात की दोन तासांत त्यांची संख्या निम्म्यावर येऊ शकते. सोलापूरला पाठवलेल्या नळीत पेशी कमी सापडल्या, तर तो रोगाचा गुण की नव्वद-शंभर किलोमीटरच्या प्रवासाचा, हे कोणालाही सांगता येत नाही. म्हणून मोजणी तेथल्या तेथे, न्यूबाउअर चेंबरच्या काचेवर, चौकोन-चौकोन पाहत हाताने करावी लागते.

याहून चमत्कारिक अडचण साठवणुकीची आहे. जिवाणूंची वाढ करून पाहायची असेल तर द्रव थंड करायचा नसतो, कारण मेंदूच्या आवरणाला दाह करणारे काही जिवाणू फ्रिजमध्ये मरतात; उलट विषाणूची जनुके शोधायची असतील तर तोच द्रव तत्काळ बर्फात ठेवावा लागतो. साखरेसाठी करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी लागते. मुलाच्या पाठीतून निघालेले दोन-तीन मिलिलिटर असे तीन-चार नळ्यांत वाटायचे, एक बाहेर ठेवायची, एक लसीच्या कॅरिअरमध्ये आइसपॅकच्या मध्ये उभी करायची, प्रत्येकीवर नाव, वेळ आणि क्रमांक टाकायचा, आणि हे सर्व रात्री, बाळाचे झटके थांबवण्याची धावपळ शेजारच्या खाटेवर चाललेली असताना करायचे, असे या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप असते. थंड ठेवायची नळी आणि न ठेवायची नळी यांची अदलाबदल झाली तर पुण्यातले कोणतेही यंत्र ती दुरुस्त करू शकत नाही.

महाराष्ट्राला या विषयात स्वतःचा म्हणावा असा एक विषाणू आहे. १९६५ मध्ये नागपूर परिसरात डेंग्यू आणि चिकुनगुन्याच्या तापाची साथ तपासत असताना पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्राला दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक अपरिचित विषाणू सापडला, आणि रुग्ण ज्या वस्तीतले होते तिच्यावरून त्याला चांदीपुरा हे नाव मिळाले. १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने सुरू झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. भट आणि रॉड्रिग्स यांनी १९६७ मध्ये या विषाणूचे वर्णन प्रसिद्ध केले, परंतु त्यापासून कोणता गंभीर रोग होतो हे स्पष्ट नसल्याने तो सुमारे चार दशके एक नोंद एवढ्याच मोलाचा राहिला. २००३ च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुले मेंदूज्वरासारख्या आजाराने पडली आणि त्यांतली १८३ दगावली, तेव्हा प्रथम संशय जपानी मेंदूज्वरावर गेला. पुण्याच्या संस्थेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रॅब्डोव्हायरस कुळातले, एका टोकाला निमुळते होणारे कण पाहिले आणि जनुकीय चाचण्यांनी तो चांदीपुरा असल्याचे दाखवले. त्याच वर्षी महाराष्ट्रातही रुग्ण आढळले, पुढे २००७ मध्ये विदर्भात साथ झाली आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने पुन्हा डोके वर काढले.

निदानाच्या दृष्टीने चांदीपुरा हा मोठा दुष्ट विषाणू आहे. तो वाळूमाशीमार्फत पसरतो, आणि ही माशी दगड-मातीच्या भिंतींच्या भेगांत वाढते. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदांच्या भिंती नेमक्या तशाच होत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी-सास्तूर पट्ट्यातली माळवदे कोसळून हजारो माणसे गेली आणि पुनर्वसित गावांत विटा-सिमेंटची घरे आली, तरी गोठे आणि जुन्या भिंती सर्वत्र संपल्या असे नाही. हा विषाणू शिरलेले मूल ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत दगावू शकते. त्याच्याविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे, जी ताज्या संसर्गाची खूण मानली जातात, रक्तात दिसू लागायला मात्र काही दिवस लागतात. म्हणजे जे मूल वाचते त्याच्यात चिन्ह सापडते आणि जे मरते त्याच्यात ते सापडण्यापूर्वीच सगळे संपलेले असते. पाठीतल्या द्रवात पेशीही पुष्कळदा वाढलेल्या नसतात, इतके की २००३ मध्ये हा मेंदूचा दाह नसून मेंदूच्या रक्तवाहिनीतील अडथळ्याचा प्रकार असावा असे मत काही बालरोगतज्ज्ञांनी गंभीरपणे मांडले होते. अशा आजारात पहिल्याच दिवशीच्या रक्तातून विषाणूची जनुके शोधण्यावाचून मार्ग नाही, आणि तो पहिला दिवस तालुक्याच्या रुग्णालयात किंवा त्याही आधी गावातल्या खासगी दवाखान्यात सलाइन लावण्यात गेलेला असतो.

दिवसांचे हे गणित इतर विषाणूंनाही लागू आहे, फक्त आकडे बदलतात. डेंग्यूमध्ये विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन साधारण पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडते आणि आयजीएम त्यानंतर. म्हणून तिसऱ्या दिवशी केलेली आयजीएम चाचणी आणि आठव्या दिवशी केलेली एनएस-१ चाचणी या दोन्ही नकारात्मक येऊनही मुलाला डेंग्यू असू शकतो. झटपट कार्डावर आलेली रेघ शासकीय नोंदीत निश्चित निदान धरली जात नाही, त्यासाठी एलायझा पद्धतीची चाचणीच लागते, आणि हा नियम जाचक वाटला तरी योग्य आहे. हर्पिसच्या मेंदूज्वरात द्रवातील जनुके शोधणारी पीसीआर चाचणी फार विश्वासार्ह आहे, तरी पहिल्या तीन दिवसांत ती चुकू शकते. एसायक्लोव्हिर या औषधाने या रोगातले मृत्यू ७० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आत आल्यामुळे रिपोर्टची वाट न पाहता संशयावरच औषध सुरू करतात. चाचणी नकारात्मक आली म्हणून औषध बंद करण्याची घाई अनुभवी डॉक्टर करत नाही, आणि चाचणीवर त्याचा विश्वास नसतो असा त्याचा अर्थ नव्हे.

क्षयाच्या मेंदूआवरणदाहावर नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत झालेले काम येथे विशेष उल्लेखनीय आहे. क्षयाचे जिवाणू द्रवात इतके थोडे असतात की सूक्ष्मदर्शकाखाली ते क्वचितच दिसतात आणि वाढवून पाहायचे तर आठवडे जातात; म्हणून या संस्थेतील दागिनावाला, तावरी, कश्यप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवातील अप्रत्यक्ष खुणांचा पाठपुरावा केला. क्षयाच्या जिवाणूने बाहेर टाकलेले अँटिजेन-८५ हे प्रथिन त्यांनी रुग्णांच्या द्रवात ओळखले, आणि ॲडेनोसिन डीअमिनेज म्हणजे एडीए या विकराचे द्रवातील प्रमाण निदानाला पूरक ठरते हे २००६ मध्ये दाखवले; त्या अभ्यासात चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ऐंशी टक्क्यांच्या थोड्या वर होत्या. संवेदनशीलता म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी किती जणांना चाचणी पकडते, आणि विशिष्टता म्हणजे रोग नसलेल्यांपैकी किती जणांना ती योग्य रीतीने सोडून देते. एडीए स्वस्त आहे, साध्या बायोकेमिस्ट्री यंत्रावर होते, आणि त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी तिचे आकर्षण मोठे आहे.

तथापि मोठ्या रुग्णालयात सिद्ध झालेले आकडे लहान रुग्णालयात जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि येथेच पुष्कळ संशोधन फसते. एखादी चाचणी नव्वद टक्के संवेदनशील आणि नव्वद टक्के विशिष्ट आहे असे समजू. नागपूरसारख्या ठिकाणी, जेथे पाठवलेल्या संशयितांपैकी निम्म्यांना खरोखर तो रोग असतो, तेथे दर शंभर सकारात्मक रिपोर्टांपैकी नव्वद खरे निघतील. तीच चाचणी जेथे ताप-झटक्याच्या हजार रुग्णांत केवळ पन्नासांना तो रोग आहे तेथे वापरली, तर पन्नासांपैकी पंचेचाळीस खरे सकारात्मक येतील आणि उरलेल्या साडेनऊशेतून पंचाण्णव खोटे. म्हणजे १४० सकारात्मक रिपोर्टांपैकी खरे फक्त पंचेचाळीस, तिघांतला एक. चाचणी तीच, यंत्र तेच, पण तिच्या शब्दाचे वजन बदलले. संशोधकाने आपल्या निबंधात रुग्ण कोठून आणि कोणत्या गाळणीतून आले हे सांगितले नाही तर त्याचा आकडा उमरग्यात निरुपयोगी आहे, मग तो कितीही नामांकित नियतकालिकात छापलेला असो.

नुकसानीच्या चिन्हांबद्दल सध्या जगभर मोठा उत्साह आहे. न्यूरोफिलामेंट लाइट चेन हे चेतातंतूंच्या सांगाड्याचे प्रथिन आता अतिसंवेदनशील यंत्रांनी रक्तातही मोजता येते, आणि चेतापेशींना किती इजा झाली व आजारानंतर मूल कितपत सावरेल याचा अंदाज त्यावरून बांधण्याचे प्रयत्न चालू आहेत. मात्र हे प्रथिन मेंदूज्वरात वाढते, पक्षाघातात वाढते आणि डोक्याला मार लागला तरी वाढते. आग लागली एवढेच ते सांगते, कोणी लावली ते नाही. औषध ठरवण्याच्या रात्री त्याचा उपयोग फारसा नाही.

याउलट जुन्या आणि स्वस्त खुणा किती टिकाऊ असतात हे २०२५ च्या आरंभी पुण्यात दिसले. सिंहगड रस्ता, किरकटवाडी आणि नांदेड गाव या भागांत गिया-बारे लक्षणसमूहाचे, म्हणजे संसर्गानंतर स्वतःच्याच प्रतिपिंडांनी चेतांवर हल्ला केल्याने पायांपासून वर चढत जाणाऱ्या लुळेपणाचे, दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले, आणि अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू तर काहींत नोरोव्हायरस सापडला. चेतांच्या आवरणातील गँग्लिओसाइड या स्निग्ध पदार्थांविरुद्धची प्रतिपिंडे शोधण्याची चाचणी महाग आहे आणि मोजक्याच ठिकाणी होते. परंतु द्रवात प्रथिने वाढलेली आणि पेशी मात्र वाढलेल्या नाहीत, ही गिया, बारे आणि स्त्रोल यांनी १९१६ मध्ये दाखवलेली खूण कोणत्याही तालुक्यात पाहता येते. पहिल्या आठवड्यात तीही दिसत नाही अशी शक्यता असते, म्हणजे दिवसांचे गणित येथेही सुटत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत खरा फरक कशाने पडला असेल तर तो यंत्र रुग्णाकडे आल्याने. गोव्यातील मोलबायो या कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे लहान पीसीआर यंत्र क्षयाच्या निदानासाठी तालुका पातळीपर्यंत पोहोचले, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली, आणि वातानुकूलित खोली किंवा अखंड वीज नसतानाही जनुकीय चाचणी होऊ शकते हे सिद्ध झाले. कोरोनाच्या काळात तेच यंत्र दुसरी चिप घालून वापरले गेले. मेंदूज्वराच्या प्रमुख विषाणूंसाठी अशी चाचणी पावसाळ्यापुरती तरी तालुक्याच्या ठिकाणी असावी, ही मागणी आता तांत्रिकदृष्ट्या अवाजवी राहिलेली नाही. गोरखपूरच्या अनुभवाने तिला बळच मिळते: तेथे वर्षानुवर्षे अज्ञात विषाणूच्या खात्यावर टाकल्या गेलेल्या मेंदूज्वराच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये २०१४ नंतरच्या तपासण्यांत स्क्रब टायफसची प्रतिपिंडे सापडली, आणि डॉक्सिसायक्लिन व अझिथ्रोमायसिन यांसारखी स्वस्त औषधे तापाच्या सुरुवातीलाच देण्याचा मार्ग खुला झाला.

तोपर्यंत तालुक्याच्या हाती जे आहे ते नीट करणे भाग आहे. सीमाभागात तर एकाच मुलाचे रक्त महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळेत आणि द्रव कर्नाटकातल्या प्रयोगशाळेत जाण्याचे प्रसंग येतात, आणि दोन्ही रिपोर्ट एका कागदावर कधीच येत नाहीत. नमुन्याबरोबर जाणाऱ्या अर्जात आजार सुरू झाल्याची तारीख लिहिण्यासाठी एक रकाना असतो, आणि वरच्या सर्व चाचण्यांचा अर्थ त्या एका तारखेवर अवलंबून असतो. मुलाला ताप आला की आईवडिलांनी ती तारीख आणि वेळ घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी, आधीच्या दवाखान्यात दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या फेकून न देता बरोबर आणाव्यात, आणि डॉक्टरांनी पाठीतले पाणी काढायला सांगितले तर सोलापूरला गेल्यावर बघू म्हणून ते पुढे ढकलू नये.